मुद्देमालास पाणी दिले

आमच्या लिंबोणीची उंची चोरीच्या आदल्या दिवशी त्र्याऐंशी पूर्णांक पाच दशांश सेंटिमीटर होती. हे पोलिसांना सांगायची काही गरज नव्हती. ‘कमरेएवढं झाड’ म्हटलं असतं तरी त्यांचं भागलं असतं. पण मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं आहे आणि शिकलेल्या माणसाला ‘कमरेएवढं’ म्हणवत नाही. कुणाची कमर, हा प्रश्न आधी पडतो. म्हणून मी फिर्यादीत उंची लिहिली, पानं लिहिली (दोनशे चौदा, दोनदा मोजून), लिंबं लिहिली (सात), खाली सही केली आणि त्या अर्ध्या सेंटिमीटरने पुढे आमच्या घराला कोर्टाच्या पायऱ्या दाखवल्या. शहाण्याने ती पायरी चढू नये म्हणतात. पण शहाणा चढत नाहीच, चढतो तो अतिशहाणा.

झाड बाबांचं. बाबांनी एकतीस वर्षं टपाल छाटणी विभागात काढली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन खुर्चीत बसले. आपण सगळेच घरी येऊन बसतो, पण बाबा बसले ते उठलेच नाहीत. हळूहळू बोलणंही आटलं. ‘हं’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’ एवढ्या तीन शब्दप्रयोगांवर आमचे वडील वर्षभर चालले. मग एके दिवशी त्यांनी कुठूनसं एक कलम आणलं आणि घराला रंग देताना मागे राहिलेल्या बादलीत लावलं. कुणीच काही विचारलं नाही. आईने तर मला डोळ्यांनीच दटावलं, कारण विचारलं असतं तर त्यांनी ‘हं’ म्हणून सोडून दिलं असतं. दोन वर्षांनी त्या झाडाला सात लिंबं धरली आणि बाबा बोलायला लागले. आधी झाडाशी, मग झाडाबद्दल आईशी, मग सर्वसाधारण विषयांवर माझ्याशीसुद्धा. सकाळी सहाला उठून ते गॅलरीत जायचे. आई म्हणायची, “झाड नाही ते, तुझ्या बाबांचं बटण आहे.”

हे बटण गॅलरीतून खाली फाटकापाशी हलवायला मी सांगितलं. गॅलरीत ऊन दोन तास दहा मिनिटं आणि फाटकापाशी सहा तास, असा सात दिवसांचा तक्ताच मी केला होता. बाबा म्हणाले, “इथे बरं आहे की.” मी तक्ता दाखवला. तक्त्यापुढे कोण काय बोलणार? चौथ्या दिवशी झाड गेलं.

बाबा खाली जाऊन रिकाम्या जागेकडे बघून आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. सरळ खुर्चीत जाऊन बसले. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

“तो आत्ता जिना रंगवून गेलेला रंगारी घेऊन गेला असेल,” आई म्हणाली.

“पुरावा काय?”

“बादली त्याची होती ना. तीन वर्षांपूर्वी आपलं घर रंगवलं तेव्हा ‘नंतर नेतो’ म्हणाला होता.”

हा एका व्यक्तीचा अंदाज असून त्याला काही आधार नाही, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला. तरी रंगाऱ्याला एकदा फोन लावला. तो बंद होता. मग मी पोलीस ठाण्यात गेले.

जाताना सोबत वरच्या मजल्यावरचे शिरस्तेदार काका आले. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत, म्हणजे साहेबांच्या खाली बसून कागद सांभाळायचे. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची भाषा अजून नोकरीतच आहे. ते भाजी घेतानाही ‘सदरहू कोबी’ म्हणतात.

“तोंडी काही बोलायचं नाही,” त्यांनी जिन्यात बजावलं. “लेखी द्यायचं. आणि तपशील जितका जास्त, तितका खटला मजबूत.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला तपशील वाढवायला सांगत होतं. मी दीड पान लिहिलं.

ठाण्यातल्या अंमलदारांनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. “झाड चोरीला गेलंय?”

“हो.”

“आणि पानं मोजलेली आहेत.”

“दोनदा.”

“बाई, दुसरं लावा की. माझा मेहुणा नर्सरीवाला आहे, त्याच्याकडून घ्या.”

मला वाटतं, तिथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांनी ‘दखलपात्र गुन्हा नोंदवण्याचे कर्तव्य’ या विषयावर बोलायला सुरुवात केली. चौदाव्या मिनिटाला अंमलदारांनी गुन्हा नोंदवला. कायद्यामुळे नव्हे, कंटाळून नोंदवला, असं माझं निरीक्षण आहे.

पुढचे अठरा दिवस काही घडलं नाही. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी दारात रंगारी उभा. परगावच्या कामावरून आला होता आणि त्याला आमच्या जिन्यात विसरलेली शिडी हवी होती.

आईने विचारलं, “काय हो, आमचं लिंबाचं झाड तुम्ही तर नाही ना नेलं?”

“झाड?” तो जरा आठवून म्हणाला, “हां, बादली नेली. माझीच होती ती, मागच्या वेळची. रिकामी बादली रंगाऱ्याची असते, वहिनी, सगळीकडे हाच रिवाज आहे. तुम्ही फाटकाशी आणून ठेवलीत, मला वाटलं, माझी आठवणीने काढून ठेवली.”

“पण त्यात झाड होतं.”

“ते होतं खरं. मी बायकोला म्हटलं, चांगली माणसं आहेत, झाडासकट दिली. रोज पाणी घालते ती. उद्या सकाळी आणून देतो, त्यात काय.”

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी इथे करणार नाही. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठून दारापर्यंत आले होते. “लिंबं आहेत का?” त्यांनी विचारलं.

“सहा आहेत. एक पडलं.”

“पिवळं होऊन पडलं की हिरवंच?”

“पिवळं.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले. हा त्यांचा एकोणीस दिवसांतला सर्वांत मोठा संवाद होता.

इथे गोष्ट दुसऱ्यांदा संपू शकत होती. पण मी प्रामाणिक नागरिक आहे. रंगारी जिना उतरतो न उतरतो तोच मी पोलीस ठाण्यात फोन केला आणि आनंदाने सांगितलं की झाड मिळालं, रंगाऱ्याकडे आहे, गैरसमज होता, तक्रार मागे घेते.

“मागे घ्यायला ती काय खुर्ची आहे का?” पलीकडून अंमलदार म्हणाले. “गुन्हा नोंदला गेलाय. आरोपीचा पत्ता द्या.”

“आरोपी कुठला? तो उद्या सकाळी आणून देणार आहे.”

“किती वाजता?”

मी पत्ता दिला आणि वेळही खरी ती सांगितली. नऊ वाजता. पोलीस त्याच्या घरी आठ वाजता पोचले.

अशा रीतीने दोन पंचांसमोर आमचं झाड जप्त झालं, रंगाऱ्यावर चोरीचा गुन्हा लागला, तो जामिनावर सुटला आणि बाबा पुन्हा खुर्चीत बसले. आगीतून फुफाट्यात जायला लोकांना वेळ लागतो. मी एका फोनमध्ये गेले.

जप्त झालेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात आणि तो ठाण्याच्या मागच्या खोलीत ठेवतात. तिथे अकरा सायकली, एक गॅस सिलिंडर, तीन शिलाई मशीनं आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं एक दार होतं. नुसतंच दार, घर नाही. त्यांच्यामध्ये आमची लिंबोणी, बुंध्याला क्रमांक एकशे बाराची चिठ्ठी अडकवून. खोलीचे प्रमुख एक हवालदार होते. चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला, अक्षर मोत्यासारखं.

“नियमाप्रमाणे मुद्देमाल कापडात शिवून लाखेने सील करायचा असतो,” ते म्हणाले. “मी फक्त बादलीला सील केलंय. झाडाला केलं नाही. हे कुणाला बोलू नका.”

मी त्यांचे आभार मानले आणि रोज साडेतीनशे मिलिलिटर पाणी घालायची विनंती केली.

“बाई, मुद्देमालाला पाणी घालणं म्हणजे पुराव्यात फेरफार.”

“नाही घातलं तर मरेल. तोही फेरफारच.”

त्यांनी चष्मा काढला. हा मुद्दा त्यांच्या नियमावलीत नव्हता. “म्हणून मी सजीव घेत नाही,” ते खिन्नपणे म्हणाले. “मागे एक बोकड आला होता. त्याने दोन खटल्यांचे कागद खाल्ले. दोन्ही आरोपी सुटले.”

दुसऱ्या दिवशी गेले तर रजिस्टर उघडंच होतं. मोत्यासारख्या अक्षरात नोंद होती: ‘सकाळी १० वाजता मुद्देमाल क्र. ११२ यास पाणी दिले. प्रकृती ठीक.’

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. “खिडकी आहे का तिथे?”

खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट होती आणि हवालदारांनी ती आमच्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवायचं कबूल केलं होतं. पण ट्यूबलाइटच्या उजेडात लिंबोणी जगत नाही, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून पानं गळायला लागली. हवालदार ती गोळा करून पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचे आणि वर लिहायचे, ‘गळालेली पाने, नग ९’. तीही मुद्देमालच. मी हिशेब मांडला. याच वेगाने गेलं तर पंधरा दिवसांत पाकिटात झाड आणि बादलीत काठी राहणार होती. हा हिशेब मी बाबांना दाखवला नाही. माझ्या तक्त्यांनी आमच्या घरात आधीच बरंच करून ठेवलं होतं.

“उपाय आहे,” शिरस्तेदार काका म्हणाले. त्यांचा चेहरा बारा वर्षांनी तरुण झाला होता. “कोर्टात अर्ज करायचा. मुद्देमाल नाशवंत आहे, खटल्याचा निकाल लागेपर्यंत मालकाच्या ताब्यात द्यावा. त्याला सुपूर्तनामा लिहून द्यावा लागतो. सांभाळीन, विकणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन.”

शेजारपाजाऱ्यांनी यावर आपापली मतं नोंदवली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, एवढ्या पैशात लिंबांची बाग आली असती. समोरच्या बँकवाल्यांनी माझं लग्न लांबणीवर पडण्याचा आणि पोलीस ठाण्यात रोज जाण्याचा संबंध जोडून दाखवला. कुणाच्याही बोलण्यात आधारभूत माहिती नव्हती, पण बोलण्याचा वेग चांगला होता. याच सुमारास मला इमारतीत ‘मोजपट्टी’ हे नाव पडलं. “मोजपट्टी आली का कोर्टातून?” असं लोक आईला विचारू लागले आणि आई “नाही अजून” असं उत्तरही देऊ लागली.

अर्ज नवव्या दिवशी कोर्टापुढे आला. सुपूर्तनाम्यावर मालकाची सही लागणार, म्हणून बाबांना नेणं भाग होतं. आईने त्यांना खुर्चीतून कसं काढलं हे मला माहीत नाही. मी खाली रिक्षा थांबवून उभी होते. पण ते आले. इस्त्री केलेला शर्ट घालून, न बोलता, मागच्या बाकावर कडेला बसले.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा एक, भिंतीवरचं घड्याळ बंद, आणि न्यायाधीशसाहेबांना सर्दी झालेली. हवालदार बादली दोन्ही हातांनी धरून आले आणि त्यांनी ती लेखनिकाच्या टेबलावर ठेवली.  अर्ध्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. रंगारी भिंतीशी उभा होता. मला बघून तो ओळखीचं हसला आणि लगेच शेजारच्या वकीलबाईंनी त्याची बाही ओढली. या वकीलबाई त्याला कोर्टाकडून मोफत मिळाल्या होत्या. माझ्याच वयाच्या, हातातल्या कागदांवर तीन रंगांच्या खुणा केलेल्या. पाहताक्षणी मला त्यांची भीती वाटली, कारण मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “आमचं म्हणणं एवढंच आहे की हे झाड फिर्यादीतलं झाड नाही.”

“साहेब, झाड यांचंच—” रंगारी म्हणाला. बाही ओढली गेली.

मला साक्षीदाराच्या जागी उभं केलं.

“आपलं शिक्षण?”

“एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र.”

“फिर्यादीत पानं दोनशे चौदा लिहिली आहेत. अंदाजे का?”

“अंदाजे नाही. मोजून.” आवाजात नको तेवढा अभिमान होता, तो मलाच ऐकू आला.

“वीस दिवसांनी पंचनाम्यात दोनशे एकतीस आहेत. उंची त्र्याऐंशी पूर्णांक पाच होती, ती शहाऐंशी आहे. लिंबं सात होती, ती सहा आहेत. एक तरी आकडा जुळतो का?”

“झाड वाढतं,” मी म्हणाले.

“हे आपण फिर्यादीत लिहिलं होतं?”

“नाही.”

“का नाही?”

पाच वर्षं मी वनस्पती कशा वाढतात हेच शिकत होते. त्यावर माझ्या एकशे बारा पानी प्रबंधाचे कागद विद्यापीठात धूळ खात पडले आहेत. आणि फिर्याद लिहिताना झाड वाढतं हेच मला सुचलं नव्हतं. मी टेबलावरच्या झाडाकडे पाहिलं. तेही माझ्या बाजूने काही बोलेना.

“राहून गेलं,” मी म्हणाले.

साहेबांनी नाक पुसलं. “पोलिसांचाही अहवाल हाच आहे, वर्णन जुळत नाही. झाड दुसऱ्या कुणाचं निघालं तर उद्या मी कुणाला उत्तर देऊ? आकड्यांशिवाय दुसरी काही खूण आहे?”

मी खूप विचार केला. झाडाची माझ्याकडे चौदा मोजमापं होती. खूण एकही नव्हती. मागे काकांनी डोक्याला हात लावल्याचं मी मान न वळवता ओळखलं. साहेबांनी पेन उचललं. आता अर्ज फेटाळला जाणार, झाड त्या खोलीत परत जाणार आणि बाबा कायमचे खुर्चीत.

“मातीपासून चार बोटांवर गाठ आहे,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा उभे राहिले होते.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी यांचा—” बाबांनी माझ्याकडे बोट केलं, मग झाडाकडे, “दोघांचाही बाप.”

साहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. बाबा आले, पण झाडापासून पाच हात लांब थांबले आणि तिथूनच बोलू लागले.

“ते कलम आहे, साहेब. गाठीच्या वरचं झाड गोड स्वभावाचं, खालचं रानटी. रानटी झाड गप्प बसत नाही, गाठीखालून कोंब काढतं. वाढू दिला तर वरचं झाड मारून टाकतो तो. मी तीनदा खुडलाय. दोनदा एकाच जागी, एकदा मागच्या बाजूला. तीन व्रण सापडतील. दोन शेजारी आणि एक मागे.”

लेखनिक वाकला. हवालदार वाकले. वकीलबाईही वाकल्या.

“दोन शेजारी आहेत,” लेखनिक म्हणाला. हवालदारांनी बादली फिरवली. “एक मागे आहे.”

“आणि आता महिना झाला, कुणी बघितलेलं नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे चौथा फुटला असणार. मागच्या व्रणाच्या जरा खाली. नसला तर झाड माझं नाही, घेऊन जा.”

 लेखनिकाने मातीजवळचा पाला बाजूला केला.

“आहे, साहेब. एवढासा आहे,” आणि त्याने करंगळीचं टोक दाखवलं.

“मी बघितला होता तो,” रंगारी भिंतीपासून म्हणाला. “बायकोला म्हटलंही, खुडू का. ती म्हणाली, लोकांच्या झाडाला हात लावू नका.” या वेळी वकीलबाईंनी बाही ओढली नाही. त्या खाली वाकून कोंब बघत होत्या.

साहेब काही लिहू लागले, मग थांबले. “आमच्याकडे एक आहे,” ते जरा हळू आवाजात म्हणाले. “फुलं खूप येतात. पण गळतात सगळी.”

“पाणी जास्त घालता,” बाबा म्हणाले.

 साहेबांना असं बोललेलं त्या खोलीने कधी ऐकलं नसावं. साहेबांनी बराच वेळ नाक पुसलं.

“रोज घालतो,” त्यांनी कबूल केलं.

“आठवडाभर पाणी तोडून ताण द्या. मग बघा.”

झाड आमच्या ताब्यात देण्याचा आदेश झाला. बाबांनी सुपूर्तनाम्यावर सही केली, बादलीपाशी गेले आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी तो कोंब खुडायला हात घातला.

“हात लावू नका,” हवालदार पुढे धावले. “आदेश वाचा.”

काकांनी वाचला. ‘सदर मुद्देमालाच्या स्वरूपात कोणताही बदल न करता तो सांभाळावा व प्रत्येक तारखेस हजर करावा.’ काकांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला दुःखापेक्षा आनंदच जास्त दिसला. “कोंब खुडणे म्हणजे स्वरूपात बदल. कोर्टाच्या आदेशाचा भंग.”

“आणि नाही खुडला तर झाड मरेल,” मी म्हणाले.

“तर अर्ज करावा लागेल.”

मी पर्समधून पेन काढलं. या घरातले अर्ज लिहायचं काम आता माझंच, असं मी धरून चालले होते.

“तू नको,” बाबा म्हणाले. “मी लिहितो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खुर्ची रिकामी होती. बाबा टेबलाशी बसून अर्ज लिहीत होते. तो साडेतीन ओळींचा झाला. त्यात एकही आकडा नव्हता. तो घेऊन ते एकटे, बस बदलून कोर्टात गेले. दुपारी दोनला आले तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की आईने गॅस दोनदा बंद केला. लेखनिकाच्या घरचा मोगरा, आवक खिडकीवरच्या बाईंची कुंडी, शिपायाच्या सासऱ्यांचं शेत. अर्जावरचा आदेश पुढच्या तारखेला होणार होता, तोवर तेरा दिवस त्यांनी कोंबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. रोज सकाळी कोंब किती वाढला ते मी बघायचे, पण विचारलं कुणी नाही, म्हणून सांगितलंही नाही.

पुढच्या तारखेला दोन्ही बाजूंनी तडजोडीचा अर्ज दिला. मालकाची हरकत नसेल तर असल्या चोरीत कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते, हे काकांनी मला तेव्हा सांगितलं. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. “तुम्ही विचारलंत कुठे?” ते म्हणाले आणि शेजाऱ्याच्या नात्याने मी गप्प बसले.

साहेबांची सर्दी बरी झालेली दिसली. त्यांनी आदेश तिथेच सांगितला. खटला निकाली, आरोपी मुक्त, झाड फिर्यादीच्या वडिलांना कायमचं परत.

“साहेब, आणि बादली?” रंगारी म्हणाला.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. पण साहेबांनी मान डोलावली. “बादली आरोपीची. त्याला परत द्यावी. आणि कोंब खुडण्यास हरकत नाही.” मग बाबांकडे वळून ते म्हणाले, “फुलं गळायची थांबली.”

“थांबणारच,” बाबा म्हणाले.

कोर्टाच्या आवारात पायरीशी आम्ही सगळे जमलो. आईने घरून मातीची कुंडी आणली होती. ही बाई मनात काय काय ठरवून निघते हे कुणालाच कळत नाही. हवालदारांनी बादलीचं सील तोडलं, गळालेल्या पानांची पाकिटं रीतसर माझ्या हवाली केली, पोच घेतली आणि मग टोपी काढून बघत उभे राहिले. बाबांनी बुंध्याला धरलं, रंगाऱ्याने बादली आडवी करून तिच्या बुडावर थापट्या मारल्या. मुळं मातीसकट अलगद बाहेर आली. वकीलबाई आपले खुणांचे कागद काखेत धरून म्हणाल्या, “मुळांना धक्का लागला का हो?” आणि बाबा त्यांना पाच मिनिटं समजावत बसले. मला त्यांनी पाणी आणायला पिटाळलं. किती आणू, असं मी विचारलं. “आण थोडं,” ते म्हणाले. मी थोडं आणलं.

कुंडीत झाड उभं राहिल्यावर बाबांनी कोंब खुडला, बोटांत फिरवून पाहिला आणि टाकून दिला. रंगारी बादली धुऊन निघाला होता.

“थांबा,” बाबा म्हणाले. “तुमच्या घरी ऊन कुठून येतं?”

“मागून. दुपारनंतर.”

“किती येतं?”

“येतं की. बरंच येतं. बायको रोज विचारते, झाड परत कधी येणार म्हणून. सवय लागली तिला पाणी घालायची.”

“तर मग ही बादली रिकामी नेऊ नका. एक कलम बांधून देतो. पण जागा बघितल्याशिवाय नाही.”

“आत्ता येता?”

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. हाताची माती पँटला पुसली आणि रंगाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले, एका हातात रिकामी बादली. स्कूटर फाटकातून बाहेर पडली. बाबा पुढच्या माणसाच्या कानाशी झुकून काहीतरी सांगत होते आणि सिग्नलपर्यंत सांगतच होते.

आम्ही कुंडीशेजारी उभे राहिलो.

“अहो, पण हे घरी परत कसे यायचे?” काका म्हणाले. “रस्ता तरी माहीत आहे का त्यांना?”

आईने कुंडीतली माती बोटांनी जरा दाबली. “राहू द्या,” ती म्हणाली. “येतील विचारत विचारत.”